आलेखाच्या कडेचे आकडे

श्रोतेहो, रोजच्या वर्तमानपत्रात एखादा तरी आलेख असतोच. शेअर बाजाराचे चढउतार, धरणातला पाणीसाठा, दहावीचा निकाल, कांद्याचा भाव. आपली नजर आधी रेषेवर जाते. रेषा वर गेली की खाली आली एवढं पाहून आपण पान उलटतो. त्या रेषेच्या डाव्या हाताला एक उभी पट्टी असते आणि तिच्या कडेला बारीक टाइपात काही आकडे असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. आज मला त्या आकड्यांविषयीच बोलायचं आहे. ते कोण ठरवतं, कसं ठरवतं आणि त्यावरून आपण आलेखात काय पाहतो हे कसं बदलतं, हा आजचा विषय.

शाळेत आलेख-कागदावर आलेख काढल्याचं तुम्हाला आठवत असेल. उजव्या हाताला वर ‘प्रमाण’ लिहावं लागे. क्ष-अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर इतकं, य-अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर इतकं. ते लिहायचं राहिलं की गुण कापले जात. मुलांना तो जाच वाटे, पण त्यात शहाणपण होतं. प्रमाण ठरवायचं तर आधी सगळे आकडे डोळ्यांखालून घालावे लागत. सर्वांत लहान कोणता, सर्वांत मोठा कोणता, कागद तेवढा पुरेल का, हे पाहावं लागे. आकडे शून्यापासून फार दूर असतील तर अक्षाच्या मुळाशी एक नागमोडी खूण काढायची आणि वाचणाऱ्याला सांगायचं, की इथला मधला भाग गाळला आहे.

आता हे काम संगणक करतो. प्रोग्राम लिहिणारे लोक आलेख काढण्याचं सगळं काम पहिल्यापासून लिहीत बसत नाहीत. त्यासाठी कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले, तपासलेले प्रोग्राम असतात. अशा संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. पायथन भाषेसाठी मॅटप्लॉटलिब आहे, इंटरनेटवरच्या पानांसाठी डी-थ्री आहे. आकडेशास्त्रातल्या लोकांची ‘आर’ ही भाषा आहे, तिच्यात आलेखांची सोय आहेच. कचेऱ्यांमध्ये तर एक्सेल सर्वांच्या ओळखीचं. मी स्वतः आलेख काढणारे प्रोग्राम लिहितो, म्हणून या यंत्रांच्या पोटात काय चालतं ते मला रोज पाहावं लागतं. तुम्ही आकडे द्यायचे, आलेख तयार. अक्ष कुठे सुरू करायचा आणि कुठे संपवायचा, हे तुम्ही सांगितलं नाहीत तर प्रोग्राम स्वतःच ठरवतो. यालाच आपण अक्षाचा पल्ला म्हणू.

हे तो कसं ठरवतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका घरात वर्षभरात दरमहा किती युनिट वीज वापरली याचा आलेख काढायचा आहे. सर्वांत कमी वापर जानेवारीत, ८७ युनिट. सर्वांत जास्त मे महिन्यात, २१३ युनिट. दोहोंतला फरक १२६. अक्ष ८७ ला सुरू करून २१३ ला संपवला आणि मधे पाच समान भाग केले, तर प्रत्येक भाग २५.२ युनिटांचा होईल. कडेला आकडे येतील ८७, ११२.२, १३७.४, १६२.६. गणित बरोबर आहे, पण हे आकडे माणसाने वाचायचे कसे? एप्रिलची रेघ ११२.२ आणि १३७.४ यांच्या मधे आहे, म्हणजे नेमकी किती, हे मनातल्या मनात कोणाला सांगता येईल?

म्हणून प्रोग्राम २५.२ च्या जवळचा एखादा सोपा आकडा शोधतो. सोपे आकडे म्हणजे १, २ आणि ५, आणि त्यांचीच दहापट, शंभरपट किंवा दहावा, शंभरावा हिस्सा. २५.२ च्या जवळ २० आहे. टप्पा २० चा ठरला. मग ८७ च्या खालची २० च्या पाढ्यातली संख्या ८०, आणि २१३ च्या वरची २२०. झाला अक्ष तयार. ८०, १००, १२०, असं करत २२० पर्यंत आठ खुणा. वाचायला सुटसुटीत, आणि एकही आकडा कागदाबाहेर जात नाही.

१, २, ५ हेच का, असा प्रश्न पडेल. उत्तर आपल्या खिशात आहे. आपल्या नोटा पाहा. १०, २०, ५०, १००, २००, ५००. वाण्याच्या दुकानातली वजनं पाहा. ५० ग्रॅम, १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, मग १ किलो, २ किलो, ५ किलो. दहाच्या हिशेबात जगणाऱ्या माणसाला जे टप्पे जड जात नाहीत ते हेच. या संख्यांनी १० ला निःशेष भाग जातो, म्हणून मोजत गेलं की दर थोड्या पावलांनी १०, १००, १००० असा गोल आकडा हाती लागतो. तीनच्या टप्प्याने गेलात तर शंभर कधीच येत नाही, ९९ नंतर एकदम १०२.

हे काम हाताने करण्याची परंपरा जुनी आहे. आज आपण पाहतो तसे व्यापाराचे रेषालेख आणि स्तंभालेख विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडनमध्ये छापले. अक्षावरच्या खुणा त्याने विचार करून आखल्या होत्या. संगणक आले तेव्हा हा विचार नियमांत बांधावा लागला. १९७३ साली अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात लेवार्ट यांनी याची रीत प्रसिद्ध केली. १९९० मध्ये पॉल हेकबर्ट यांनी ‘ग्राफिक्स जेम्स’ या पुस्तकात ‘आलेखासाठी चांगले आकडे’ अशा अर्थाच्या मथळ्याचं छोटंसं टिपण लिहिलं, आणि ते पुढे असंख्य प्रोग्रामांत उतरलं. २०१० मध्ये टॅलबट, लिन आणि हॅनरॅहन यांनी आणखी बारकाईची रीत सांगितली. आकडा सोपा आहे का, खुणा फार दाट किंवा फार विरळ नाहीत ना, आकडेवारी अक्षावर नीट बसते का, अशा गोष्टींना गुण देऊन सर्वांत जास्त गुणांचा अक्ष निवडायचा. त्यांच्या सोप्या आकड्यांच्या यादीत १, ५, २ यांच्यानंतर अडीच आहे. पावकिलोचा हिशेब जन्मभर केलेल्या आपल्या माणसांना याचं नवल वाटायला नको.

वेळेच्या अक्षावर मात्र १, २, ५ चालत नाहीत. तासाला मिनिटं ६०, दिवसाला तास २४, वर्षाला महिने १२. तिथे टप्पे १५ मिनिटांचे, ३० मिनिटांचे, ३ तासांचे, ६ तासांचे असावे लागतात. महिन्यांचे दिवसही सारखे नाहीत. म्हणून चांगल्या लायब्ररीत वेळेच्या अक्षाचा विभाग वेगळा लिहिलेला असतो, आणि तोच सर्वांत किचकट असतो.

आणखीही बारीकसारीक अडचणी असतात. एक कडेची. सर्वांत मोठा आकडा बरोबर अक्षाच्या टोकावर आला तर त्याचा ठिपका चौकटीवर बसतो आणि अर्धा कापला जातो. म्हणून ‘आर’मध्ये दोन्ही टोकांना पल्ल्याच्या ४ टक्के मोकळी जागा सोडतात. मॅटप्लॉटलिबमध्ये पूर्वी अक्ष पुढच्या गोल आकड्यापर्यंत नेण्याची पद्धत होती. जानेवारी २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तेव्हापासून दोन्ही टोकांना ५ टक्के जागा सोडायची, असं ठरलं. आकडे तेच, लिहिलेला प्रोग्रामही तोच, पण नव्या आवृत्तीत चित्र जरासं वेगळं. यात चूक कोणाचीच नाही. अक्षाचा पल्ला हा निसर्गनियम नसून कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, एवढं यातून लक्षात यावं.

दुसरी अडचण दशांश अपूर्णांकांची. संगणक दोनच्या हिशेबात मोजतो, त्यामुळे एक दशांश त्याला नेमका लिहिता येत नाही. ०.१ मध्ये ०.२ मिळवले की बहुतेक संगणकी भाषांत उत्तर ०.३ येत नाही. ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४, असं येतं. अक्षावर हा आकडा जसाच्या तसा छापला तर वाचणारा घाबरूनच जाईल. म्हणून खुणांचे आकडे छापण्याआधी गोल करून घ्यावे लागतात.

तिसरी अडचण ऐकायला गमतीची आहे. सगळे आकडे सारखेच असले तर? रोग्याचा ताप दिवसभर ९८.६, सकाळी तेवढाच, संध्याकाळीही तेवढाच. मोठ्यातून लहान वजा केला तर शून्य. शून्य लांबीच्या अक्षाचे भाग कसे पाडणार? तिथे प्रोग्रामला आपल्या मनाने वरखाली थोडी जागा धरून पल्ला तयार करावा लागतो. ती सोय केलेली नसेल तर प्रोग्राम शून्याने भागायला जातो आणि आपटतो.

यापेक्षाही फसवा प्रकार आहे तो ‘जवळजवळ सारखे’ असण्याचा. घरातल्या विजेचा दाब दर मिनिटाला मोजला आणि तो २२९.९ ते २३०.१ व्होल्ट यांच्यात राहिला, तर याहून चांगली बातमी नाही. पण आकड्यांवरून पल्ला काढणारा प्रोग्राम तेवढ्याच अंतरात अक्ष बसवतो आणि चित्र दिसतं ते भूकंपाच्या नोंदीसारखं. त्याचं पंख्याला, फ्रिजला काहीही सोयरसुतक नसतं. प्रोग्रामने आपलं काम चोख केलेलं असतं, मिळालेली जागा पूर्ण वापरलेली असते. पाव व्होल्टाचा फरक महत्त्वाचा की किरकोळ, हे आकड्यांत लिहिलेलं नसतं, म्हणून त्याला ते कळत नाही.

इथून आपण खऱ्या प्रश्नाकडे येतो. डॅरेल हफ या अमेरिकन लेखकाने १९५४ मध्ये आकडेवारीने लोकांना कसं फसवतात यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते फार गाजलं. त्यात एक प्रकरण अशा आलेखांवर आहे. अक्षाचा खालचा भाग कापून टाका, उरलेला ताणा, आणि किरकोळ वाढ गगनाला भिडवा. हफच्या काळी हे करायला हातात पेन्सिल घेऊन बसलेला माणूस लागे. आज असा हेतू कोणाचाही नसताना ते होऊ शकतं.

एक्सेलचंच घ्या. अक्ष शून्यापासून सुरू करायचा की नाही, याचा नियम मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलेला आहे. सर्व आकडे धन असतील आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यांतला फरक मोठ्याच्या १६.६७ टक्क्यांहून, म्हणजे एक षष्ठांशाहून जास्त असेल, तर अक्ष शून्यापासून. त्याहून कमी असेल तर तो वरून कुठून तरी सुरू करायचा. हेतू चांगला आहे. आकडे जवळजवळ असतील तर त्यांतला फरक दिसावा. पण परिणाम पाहा. दोन शाळांचे दहावीचे निकाल आहेत, एकीचा १०० टक्के, दुसरीचा ८०. फरक २० टक्क्यांचा, म्हणून अक्ष शून्यापासून. दुसरा स्तंभ पहिल्याच्या चार पंचमांश उंच, जसा असायला हवा तसा. आता दुसऱ्या शाळेचा निकाल सुधारला आणि ९५ टक्के झाला. फरक पाचच टक्के उरला. नियमाने अक्ष ९२ च्या आसपास सुरू झाला. आता एका स्तंभाची उंची साधारण ३ आणि दुसऱ्याची ८. शाळा सुधारली, आणि आलेखात तिचा स्तंभ बुटका झाला, पहिलीच्या निम्माही नाही. प्रवेशाच्या दिवसांत सूचनाफलकावर हा आलेख लागला तर पालक काय समजतील?

म्हणून जाणकार एक भेद करतात. स्तंभालेखात डोळा स्तंभाच्या लांबीची तुलना करतो, तेव्हा स्तंभ शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे. अनेक लायब्ऱ्यांनी हे स्तंभांसाठी पक्कं करून टाकलेलं आहे. रेषालेखात आपण चढउतार पाहतो, तिथे शून्याची सक्ती नाही. उलट ती कधी कधी घातक असते. तापाचा तक्ता शून्य अंश फॅरनहाइटपासून काढला तर ९८ आणि १०४ यांतला फरक कागदावर बोटभरही दिसणार नाही, आणि त्या फरकात रोग्याचा जीव असतो.

आता उलट बाजू पाहू. एखादाच आकडा इतका मोठा, की तो बाकी सगळ्यांना चिरडून टाकतो. २६ जुलै २००५ आपण मुंबईकर विसरणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्याला नोंद झाली ती अवघ्या ७३ मिलिमीटरची. त्या महिन्याचा रोजच्या पावसाचा आलेख प्रोग्रामला काढायला सांगा. तो अक्ष शून्यापासून हजारापर्यंत नेईल. दहा सेंटिमीटर उंचीच्या आलेखात त्या दिवसाचा स्तंभ जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर, आणि २० मिलिमीटर पाऊस झालेला दिवस फक्त २ मिलिमीटरचा ठिपका. चांगला भिजवून गेलेला दिवस आणि कोरडा दिवस डोळ्याला जवळपास सारखेच दिसतील.

मग करायचं काय? यावर तयार उपाय आहेत. एक, फार दूरचे आकडे पल्ल्याच्या हिशेबातून वगळायचे. रोजच्या पावसाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर हे ठीक आहे. पण पुलाची उंची, नाल्याची रुंदी किंवा तळमजल्यावर विजेचे मीटर कुठे बसवायचे हे ठरवायचं असेल, तर तो एकच आकडा कामाचा आहे आणि बाकीचे तीस दिवस बिनकामाचे. दुसरा उपाय, अक्षावर १, १०, १००, १००० असे पटीचे टप्पे घ्यायचे. त्यात लहानमोठे सगळे दिसतात, पण त्या अक्षावर शून्याला जागाच नसते. म्हणजे कोरडे दिवस मांडायचे कुठे? तिसरा उपाय साधा आहे, दोन आलेख शेजारी शेजारी काढायचे. एक पूर्ण पल्ल्याचा, एक रोजच्या पावसाचा, आणि तसं खाली स्पष्ट लिहायचं. कोणता उपाय बरोबर, हे आकड्यांवरून ठरत नाही. आपल्याला काय विचारायचं आहे, त्यावरून ठरतं.

काही क्षेत्रांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. तिथे पल्ला आकड्यांवरून काढतच नाहीत, तो आधीच बांधून ठेवलेला असतो. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, तुमच्यापैकी अनेकांनी काढून घेतला असेल. त्या चौकटीच्या कागदावर नेहमीच्या प्रमाणात एका सेकंदाला २५ मिलिमीटर आणि एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. बहुतेक ठिकाणी प्रमाण हेच. कागदावर पट्टीच्या सुरुवातीला एक चौकोनी खूण असते, ती या प्रमाणाची साक्ष असते. कोणाचं हृदय दमदार, कोणाचं अशक्त, पण यंत्र प्रत्येकाची लाट कागदभर ताणत नाही. म्हणूनच एका गावच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख दुसऱ्या शहरातले डॉक्टर पाहून सांगू शकतात, की इथली लाट बारीक झाली आहे. अंगणवाडीतला बाळाच्या वजनाचा तक्ताही असाच. वयाचा आणि वजनाचा अक्ष छापील, सर्व बाळांना एकच. प्रत्येक बाळाच्या वजनावरून अक्ष नव्याने आखला असता तर सगळ्यांच्या रेषा सारख्याच उतारावर दिसल्या असत्या, आणि कुपोषित बाळ ओळखू आलं नसतं.

मॅटप्लॉटलिब लिहिणारे जॉन हंटर हे मूळचे मेंदूचे संशोधक. शिकागोत ते अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या रोग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा अभ्यास करत होते. त्या लहरी पाहता याव्यात, या गरजेतून २००३ च्या सुमारास ही लायब्ररी उभी राहिली. हंटर २०१२ मध्ये वारले, पण त्यांचं काम जगभरचे लोक पुढे चालवत आहेत. अशा कामात मेंदूच्या अनेक जागांच्या लहरी एकाखाली एक मांडलेल्या असतात. प्रत्येक लहरीचा पल्ला तिच्या स्वतःच्या आकड्यांवरून काढला, तर शांत जागेची किरकिर आणि झटक्याची लाट एकाच उंचीच्या दिसतील. म्हणून लायब्ररीत सर्व आलेखांना एकच अक्ष देण्याची सोय असते, आणि पल्ला हाताने ठरवण्याचीही असते. सोय असते, पण ती मागावी लागते. न मागता मिळतो तो आकड्यांवरून काढलेला अक्ष.

शेवटचं उदाहरण गंभीर आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या भागांच्या सांध्यांत रबराची कडी बसवलेली असतात, थंडीने ती कडक झाली आणि सांध्यातून तप्त वायू निसटले, हे पुढे चौकशीत निघालं. आदल्या रात्री रॉकेट तयार करणाऱ्या कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी दूरध्वनीवर तासन्‌तास बोलत होते. अभियंते थंडीत उड्डाण नको म्हणत होते. आधीच्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, ती कोणत्या तापमानाला, याची चर्चा झाली. पण चौकशी आयोगाच्या अहवालानुसार, विचारात घेतली गेली ती फक्त इजा झालेली उड्डाणं. ती सात होती, ५३ अंश फॅरनहाइटपासून ७५ अंशांपर्यंत विखुरलेली. नुसती तेवढी पाहिली तर तापमानाशी संबंध दिसत नाही.

आयोगाने नंतर इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर मांडली. तेव्हा चित्र असं दिसलं. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला वीस उड्डाणं झाली, त्यांतल्या तिनांत इजा. ६३ अंश किंवा त्याखाली चार उड्डाणं झाली, आणि चारही उड्डाणांत इजा.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहा. झालेल्या सगळ्या उड्डाणांचं तापमान ५३ ते ८१ अंशांमधलं होतं. गोल टप्प्यांचा अक्ष काढणाऱ्या एखाद्या लायब्ररीला हे आकडे दिले, तर ती पाचाचा टप्पा घेऊन ५० ते ८५ असा नीटनेटका अक्ष देईल. एकही ठिपका कापला जाणार नाही. पण त्या रात्रीचा प्रश्न होता तो ३० अंशांच्याही खालच्या तापमानाचा. ज्या जागेविषयी निर्णय घ्यायचा होता, ती जागा त्या कागदावरच नसती. एडवर्ड टफ्टी या आलेखांच्या अभ्यासकाने १९९७ मध्ये आपल्या पुस्तकात हा आलेख पुन्हा काढला, तेव्हा तापमानाचा अक्ष मुद्दाम तिथपर्यंत ओढला. मग दिसतं, की सर्वांत थंड उड्डाण ५३ वर, आणि त्याच्या डावीकडे वीसपेक्षा जास्त अंशांची रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेच्या टोकाला उद्याचं उड्डाण. आजवरच्या सर्व उड्डाणांमधलं अंतर २८ अंशांचं, आणि उद्याची उडी जवळजवळ तेवढ्याच अंतराची, अंधारात.

एक आलेख समोर असता तर उड्डाण थांबलं असतं, असं मी म्हणणार नाही. माणसांवर इतर अनेक दडपणं होती, आणि अभियंत्यांनी आपला विरोध नोंदवलाही होता. मला एवढंच सांगायचं आहे, की आकड्यांवरून काढलेल्या पल्ल्यात अशी रिकामी जागा कधीच दिसणार नाही. यंत्राला जे मोजलं गेलं तेच ठाऊक असतं. जे मोजलं गेलं नाही पण ज्याच्याविषयी आपल्याला ठरवायचं आहे, ते अक्षावर आणण्याचं काम माणसाचं आहे.

तेव्हा श्रोतेहो, उद्या आलेख समोर आला तर रेषेआधी डावीकडचे आकडे वाचा. सर्वांत खालचा आकडा कोणता, सर्वांत वरचा कोणता, ते पाहा. स्तंभ असतील तर ते शून्यापासून उभे आहेत का, हे तपासा. दोन आलेख शेजारी छापलेले असतील तर दोघांचे अक्ष सारखे आहेत का, ते बघा. नसतील तर रेषांच्या उंचीची तुलना करू नका, आकड्यांची करा.

आणि तुमच्यापैकी जे कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, महाविद्यालयात स्वतः आलेख काढतात, त्यांना एक विनंती. प्रोग्रामने दिलेला अक्ष हा पहिला मसुदा समजा. बहुतेक वेळा तो ठीकच असतो, आणि तो इतका ठीक असावा म्हणून अनेकांनी पन्नास वर्षं डोकं चालवलेलं आहे. पण आलेख पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा, की या बाबतीत किती फरक मोठा मानायचा, धोक्याची पातळी कोणती, आणि ज्याबद्दल निर्णय घ्यायचा आहे तो आकडा या अक्षावर आहे का. नसेल तर पल्ला हाताने लिहा. सगळ्या लायब्ऱ्यांत त्याची सोय आहे आणि बहुधा ते एका ओळीचं काम असतं. शाळेत आपण ‘प्रमाण’ लिहीत होतो तेवढीच ही ओळ.